मृगाआधी ई-सायकलची काय काय जोडणी करून घ्यावी? (कळंबा ते शिरोली, रोज)

देवकरपाणंद

नमस्कार मंडळी. सायकल अशी आहे: मागच्या चाकात २५० वॅटची गिअरवाली हब मोटर, ३६ व्होल्ट १०.४ अँपिअर-अवरची बॅटरी, केबलवाले डिस्क ब्रेक, सात गिअर, २७.५ इंची चाकं. रोजचा रस्ता कळंबा – सायबर चौक – टेंबलाई नाका – तावडे हॉटेल – शिरोली एमआयडीसी. जाऊन-येऊन पंचवीसेक किलोमीटर. आतापर्यंत कोरड्या रस्त्यावरच चालली, आता मृग तोंडावर आलाय.

विचारायचं ते असं. पावसात वायरिंगचं काय करायचं? बॅटरी रोज फुल्ल करावी का? कॅरिअर, मडगार्ड, लाइट यांत आधी काय घ्यावं? पंक्चर झालं तर मोटरचं चाक काढायचं कसं? आणि रविवारी पन्हाळा चढवली तर चालेल का? अनुभवी लोकांनी सविस्तर सांगावं, घाई नाही.

---

उद्यमनगर_लेथ

दादा, सगळे बॅटरीची काळजी करत बसतात. पण आपल्याकडच्या पावसात बॅटरी सहसा आधी जात नाही. आधी जातात कनेक्टरच्या पिना आणि मग मागच्या चाकाच्या तारा. वेळ आणि पैसा तिथं घाला. मी वायरिंगचं सांगतो.

मोटरची वायर आसाच्या टोकातून आत जाते. ती वरून सरळ उतरून आसात शिरत असेल, तर पाण्याचा ओघळ वायरवरून थेट मोटरमध्ये जातो. म्हणून वायर आधी आसाच्या दोन इंच खाली उतरवा आणि मग वळवून वर आत घ्या. ओघळ त्या खालच्या वळणावरून टपकून जातो. वायर झिप टायनं फ्रेमच्या खालच्या नळीला बांधा, पण वळण डिस्कला किंवा चेनला घासत नाही ना ते चाक फिरवून बघा. कंट्रोलरच्या (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या) डब्याला वायरींची तोंडं खालच्या बाजूला हवीत. डब्याच्या बुडाला बारीक भोक असेल तर ते सिलिकॉननं बुजवू नका. आत साचलेलं पाणी तिथूनच जातं.

मोटरचा गोल कनेक्टर बहुतेक नऊ पिनांचा असतो: तीन जाड पिना फेजच्या (मोटरला वीज देणाऱ्या), पाच बारीक हॉल सेन्सरच्या (फिरती मोटर कुठं आहे ते सांगणाऱ्या), एक वेगाच्या सेन्सरची. दोन्ही तुकड्यांवर बाण कोरलेले असतात. बाणासमोर बाण आणून सरळ दाबायचा, सरळच ओढायचा. पिळला की बारीक पिना वाकल्या म्हणून समजा. बॅटरी काढून ठेवा, कनेक्टर उघडा आणि टॉर्च मारून आत बघा. पिना स्वच्छ चकचकीत दिसल्या तर काही करू नका. पिनेच्या बुडाशी शेवाळासारखी हिरवी कड धरली असेल, तर पाणी आत पोचलंय. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ टूथब्रशनं घासा आणि पंख्याखाली तीन-चार तास वाळू द्या. मग डायलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फक्त रबरी रिंगवर फिरवा. बेअरिंगचं ग्रीस इथं चालत नाही, त्यानं रबर फुगतं. शेवटी वरून इन्सुलेशन टेप गच्च गुंडाळा.

सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्यानं ई-सायकल कधीच धुऊ नका. बादली, फडकं आणि ब्रश पुरे.

साचलेल्या पाण्यात चाकाच्या आसापर्यंत बुडेल एवढ्यात घालायची नाही. आस जमिनीपासून एक फुटाच्या थोडा वर असतो, त्यामुळं गुडघ्याच्या बऱ्याच खालचं पाणीसुद्धा जास्तच. मोटर बुडालीच तर चालवून 'वाळवू' नका. साइड कव्हर उघडून वाळवून घ्या आणि आतल्या नायलॉन गिअरना नवं ग्रीस लावा, नाहीतर बेअरिंग गंजून खरखर सुरू होते. शाहूपुरी, नागाळा पार्क अशा भागात बेसमेंटला सायकल लावणाऱ्यांनी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत राहावं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३९ ला सायकल वर न्यायची, ४३ ची वाट बघायची नाही. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, आणि तुमचा रोजचा रस्ता तोच आहे.

---

पंचगंगाकाठ

वरचं बाकी सगळं बरोबर, पण टेपला माझा विरोध आहे. टेपच्या घड्यांतून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. कनेक्टर आठवडाभर ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा राहतो. त्यापेक्षा जुन्या ट्यूबचा सहा इंची तुकडा उभा चिरून कनेक्टरभोवती गुंडाळा, वरचं टोक झिप टायनं आवळा आणि खालचं मोकळं सोडा. घराच्या वळचणीसारखं काम करतं: वरून येत नाही, आलंच तर खालून जातं.

आता बॅटरी. ३६ गुणिले १०.४ म्हणजे सुमारे ३७४ वॅट-अवर. नीट पेडल मारत चाललात तर किलोमीटरला ८–९ वॅट-अवर लागतात, नुसत्या थ्रॉटलवर (मुठीच्या ॲक्सिलरेटरवर) १३–१५. म्हणजे तुमच्या २५ किलोमीटरला पेडलसकट सव्वादोनशेच्या आसपास, बॅटरीच्या साठ टक्के. हे सोयीचं आहे. रोज ८० टक्क्यांवर निघा, २० ला परत या. थ्रॉटलच ओढत बसलात तर मात्र घरी येईपर्यंत बॅटरी तळाला जाईल आणि रोज फुल्ल करावीच लागेल.

८० ला थांबवायचं कसं? २ अँपिअरचा चार्जर तासाला साधारण १९ टक्के भरतो. २० वरून ८० ला तीन-सव्वातीन तास. साधा मेकॅनिकल टायमर प्लगला लावा, काम झालं. ज्यांच्या डिस्प्लेवर व्होल्टेज दिसतं त्यांच्यासाठी: ४२ म्हणजे फुल्ल, ४० च्या आसपास ८० टक्के, ३६.५ म्हणजे निम्म्याच्या थोडं खाली, ३३ म्हणजे संपत आली. हे आकडे सायकल थांबवून मिनिटभरानं बघायचे. चढावर करंट ओढला की व्होल्टेज बसतं, डिस्प्लेवरच्या कांड्या पडतात आणि माणूस उगाच घाबरतो.

महिन्यातून एकदा मात्र पूर्ण भरा आणि चार्जरचा हिरवा दिवा लागल्यावरही तास-दोन तास तसाच राहू द्या. आतले सेलचे दहा गट एकमेकांच्या बरोबरीला आणायचं काम बऱ्याच बॅटऱ्यांत अगदी शेवटच्या टप्प्यातच होतं. ते कधी झालंच नाही तर एक गट मागं पडतो आणि ३० टक्के दिसत असताना सायकल फटकन बंद पडते.

भिजून आल्यावर चार्जिंगचं पोर्ट आधी कोरडं करा. कामावर उन्हात उभी सायकल असेल तर बॅटरी काढून सावलीत न्या. चार्जिंग जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेवर नको, आणि सगळे झोपल्यावर नको. चार्जर बदलायची वेळ आली तर लेबल वाचूनच घ्या: तुमच्या बॅटरीला ४२ व्होल्टचाच. ४८ व्होल्टच्या सायकलचा चार्जर ५४.६ चा असतो आणि पुष्कळदा पिन तीच बसते. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो असं नाही, ही आग लागायची गोष्ट आहे.

सामानात पहिला नंबर पूर्ण लांबीच्या मडगार्डचा, पुढच्याला खाली रबरी पट्टी जोडून. पुढच्या चाकाचं पाणी उडतं ते थेट क्रँकजवळच्या (पेडलच्या दांड्याजवळच्या) सेन्सरवर आणि वायरींवर. दुसरा नंबर मागच्या लाल लाइटचा. बॅटरीवर यूएसबी पोर्ट असेल तर चार्जिंगचा लाइट घ्या, नाहीतर कंट्रोलरला लाइटची वेगळी वायर आहे का बघा. बॅटरीच्या वायरी सोलून मध्येच जोड देऊ नका. ऊस सुरू झाला की संध्याकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मधूनच यावं लागतं, आणि दुहेरी ट्रॉलीवाल्याला बाजूचं काही दिसत नाही. लाइटच्या जोडीला मागच्या नळ्यांवर लाल आणि पेडलवर पिवळी रिफ्लेक्टर पट्टी लावा. वरखाली हलणारी पट्टी लांबून कळते. कॅरिअर शेवटी घेतला तरी चालतो.

---

सातवा_गिअर

मागचं चाक माझ्याकडं राहिलंय तर लिहितो.

मोटर, कॅरिअरवरचं वजन आणि तुमचं वजन तिन्ही मागच्याच तारांवर येतं. तार तुटते ती मोटरच्या कडेला जिथं ती वाकलेली असते तिथं. कारण बहुतेक वेळा एकच: तारा सैल राहिल्या. सैल तार प्रत्येक फेऱ्याला ढिली-ताठ होत राहते आणि वाकलेल्या जागी थकून तुटते. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर एकदा आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून तारा ओढून घ्यायच्याच, पुढं दर दोन महिन्यांनी. घरी तपासायचं तर शेजारच्या दोन तारा जोडीनं चिमटीत दाबून जा. एखादी जोडी लगेच दबली किंवा वाजवल्यावर टणकन न वाजता भद्द वाजली, तर ती जागा खडूनं खूण करून मिस्त्रीला दाखवा. तार तुटलीच तर 'उद्या बघू' नको. एक गेली की शेजारच्या दोघींवर भार येतो आणि आठवड्यात त्याही जातात. हब मोटरला १२ किंवा १३ गेजची तार असते, साध्या सायकलची १४ ची बारीक. लांबीही वेगळी, कारण मोटर मोठी म्हणून तार आखूड. तुटलेली तार सोबत नेऊन मापानंच घ्या आणि चार जास्तीच्या घरात ठेवा.

आसाचे नट: बहुतेकांना १८ चा पाना लागतो. ३५ ते ४० न्यूटन-मीटर. तुमच्या भागात टॉर्क रेंच कुणाकडंही मिळेल. नटाच्या आत दाताचा वॉशर असतो, त्याचा दात फ्रेमच्या खाचेत बसलाच पाहिजे. तो उलटा किंवा विसरला गेला तर मोटर जोर लावताना आस स्वतःच फिरतो, वायर पिळवटून तुटते आणि मोटर गेली. नट आवळल्यावर नट आणि फ्रेम दोन्हींवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. सकाळी निघताना खाली एक नजर टाका, रेघ तुटलेली दिसली तर सायकल घरात.

पंक्चरसाठी चाक काढायची गरज सहसा नाही. सायकल आडवी करा, टायरची एकच कड रिमवरून उतरवा, ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढून ठिगळ लावा आणि परत आत. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याला आधीच सांगा, 'चाक खोलू नका, वायर आहे'. न सांगता त्यानं चाक ओढलं तर कनेक्टर उपटून येतो. टायरच्या आतून बोट फिरवायचं विसरू नका. शिरोलीत गेटांसमोर लेथचा कीस पडलेला असतो, तो टायरमध्ये रुतून बसतो आणि नवं ठिगळही पुन्हा फाडतो. बोटाऐवजी फडकं फिरवलेलं बरं, धाग्यात अडकतो आणि हात कापत नाही. हवा मागं ४५–५०, पुढं ४० पीएसआय, टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेत.

ब्रेक: सायकल पंचवीस किलोच्या घरात जाते म्हणून पॅड लवकर संपतात, पावसात तर फारच. पॅडचं लायनिंग एक मिलिमीटरवर आलं की बदला. मिळाले तर पावसाळ्यात सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून केलेले) पॅड घ्या, ओल्यात जास्त टिकतात. चेनला स्प्रे मारताना डिस्कवर जुनं फडकं टाका. एकदा तेल लागलेलं पॅड घासून सुधारत नाही.

फाउंड्रीची वाळू चेनला सँडपेपरसारखी खाते. आठवड्यातून एकदा कोरडी पुसा, प्रत्येक कडीवर थेंबभर चेन ऑइल, दहा मिनिटांनी वरचं सगळं पुसून काढा. वर राहिलेलं तेलच वाळू धरतं. नव्या चेनच्या २४ कड्या १२ इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०७ झाल्या की चेन बदला, नाहीतर मागचे दातेही बदलावे लागतील.

पन्हाळा: कोल्हापूरपासून सुमारे चारशे मीटरचा चढ. माणूस-सायकल मिळून १०० किलो धरले तर नुसतं वर उचलायलाच जवळपास ११० वॅट-अवर लागतात, मोटरची गळती धरून दीडशेच्या पुढं. चढापुरती बॅटरी पुरेल. खरी अडचण वेग. हब मोटर ताशी १० च्या खाली घुसमटते, वीज उष्णतेत जाते आणि नायलॉनचे गिअर मऊ पडतात. पहिल्या-दुसऱ्या गिअरला पाय भरपूर चालवत जा आणि थ्रॉटलला हात लावू नका. मध्ये थांबून मोटरच्या कव्हरवर तळहात ठेवा, धरवत नसेल तर वीस मिनिटं सावलीत.

आणि कुणी 'लिमिट काढून देतो' (वेगाची मर्यादा) म्हणालं तर नको म्हणा. २५० वॅट आणि ताशी २५ च्या आत आहे म्हणूनच तिला नोंदणी आणि लायसन लागत नाही.

---

देवकरपाणंद

लई उपकार झाले मंडळी. वळण आणि नेलपॉलिश आजच. एक राहिलं: धुतल्यापासून थ्रॉटलवर व्यवस्थित पळते, पण पेडल मारल्यावर मोटर कधी येते, कधी नाही. कनेक्टर का?

---

उद्यमनगर_लेथ

थ्रॉटलवर पळते म्हणजे मोटर, कंट्रोलर आणि ब्रेकचे स्विच (ब्रेक दाबला की मोटर बंद करणारे) ठीक. ब्रेकचा स्विच अडकला असता तर दोन्हींवर बंद पडली असती. ज्यांना तसं होतंय त्यांनी ब्रेक लिव्हरच्या वायरींचे कनेक्टर एकेक करून सोडवून बघावेत. ज्यावर मोटर आली तो स्विच खराब.

तुमचं दुखणं क्रँकजवळच्या पेडल सेन्सरचं. क्रँकमागं चुंबकांची प्लॅस्टिकची तबकडी असते आणि समोर सेन्सर. मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट हवी. धुताना ब्रश लागून सेन्सर वाकला असेल किंवा मध्ये चिखल बसला असेल. चुंबकावर लोखंडाची भुकटीही चिकटते, एमआयडीसीत हमखास. ओल्या फडक्यानं तबकडी पुसा, सेन्सर हातानं जागेवर आणा आणि क्रँक सावकाश फिरवून फट सगळीकडं सारखी आहे का बघा. तबकडी खोलून साफ केलीत तर बसवताना बाजू सांभाळा. उलटी बसली तर पुढं पेडल मारून मोटर येत नाही, मागं फिरवलं की येते.