शब्दचर्चा: चिनी वाड्यातल्या ‘शूझाय’ला काय म्हणावं?

प्रश्न: चीनमधल्या सूझौ शहरातल्या वांगशी उद्यानाचं आणि तिथल्या वाड्याचं वर्णन मराठीत करतोय. वाड्याच्या पश्चिमेला, तळ्यापलीकडे, मालकाची लिहिण्यावाचण्याची खोली, म्हणजे ‘शूझाय’, आणि तिच्यापुढे भिंतींनी वेढलेलं खाजगी अंगण आहे. मी ‘अभ्यासिका’ लिहिलं. बहिणीने वाचून विचारलं, “महिन्याचे किती घेतात?”

– बहिणीचं बरोबर आहे. अभ्यासिका आता स्पर्धा परीक्षावाल्यांची झाली. ‘शू’ म्हणजे पुस्तक. ‘झाय’चा मूळ अर्थ पूजेआधी उपास करून शुचिर्भूत होणं, जुन्या अक्षरात खाली देवकार्याचं चिन्हच आहे. आजही ‘झाय’ धरणं म्हणजे सामिष सोडणं. थोडक्यात, पुस्तकांचं सोवळं.

– अर्थ सुरेख, पण ‘सोवळ्याची खोली’ लिहिलंत तर लोक चपला बाहेर काढतील! शिवाय त्या जागेच्या नावात ‘झाय’ नाहीच. नाव आहे ‘द्यानछुन यी’. ‘यी’ म्हणजे मोठ्या इमारतीला लागून काढलेली लहान खोली. आपल्या पडवीच्या जवळचं. ‘द्यान’ म्हणजे सैन्याची पिछाडी सांभाळणं आणि ‘छुन’ म्हणजे वसंत. तिथे पिओनी लावलेली असे. बाकीची फुलं संपल्यावर ती फुलते, म्हणून वसंताची पिछाडी राखणारी.

– वा, पिछाडी! पण पडवी समोरून उघडी असते हो. इथे खोलीच्या मागच्या भिंतीला खिडक्या आहेत आणि त्यांच्यामागे जेमतेम चिंचोळी पट्टी: बांबू, केळ, दगड. आत बसलं की प्रत्येक खिडकी चौकटीत लावलेलं चित्र वाटते. खोली आणि अंगण मिळूनच ती जागा होते, त्यामुळे नुसत्या खोलीचा शब्द चालायचा नाही.

– अवांतर: १९३० च्या दशकात चित्रकार झांग दाछ्यान भावासोबत इथे राहत होते. भावाने वाघ पाळला होता, त्या वाघाच्या थडग्याचा दगड अंगणात आहे. सोवळं कसलं!

– न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९८१ साली खुलं झालेलं ‘ॲस्टर कोर्ट’ याच अंगणावर बेतलेलं आहे. ‘कोर्ट’ तेवढं उचलू नका, वाचक वकील शोधेल. वाड्याला ‘चौक’ आहेच की. ‘वाचनचौक’ करा.

प्रश्नकर्ता: ‘वाचनचौक’ म्हटलं की नगरपालिकेची पाटी दिसते. ‘पुस्तकांचा चौक’ लिहितो, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘द्यानछुन यी’ तसंच ठेवून पिछाडीची गोष्ट सांगतो. बहिणीला दाखवून कळवतो.