शहजादा अकबर मराठी मुलखात साडेपाच वर्षे राहूनही दिल्लीच्या तख्तापर्यंत का पोचला नाही?

प्रश्न : महालातील वाचक, नागपूर

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही नागपूरकर सुधागडावर गेलो होतो. पायथ्याच्या पाच्छापूरचे मूळ नाव पातशहापूर असून औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर आणि संभाजी महाराज यांची भेट तेथेच झाली, असे एका गावकऱ्याने सांगितले. परतीच्या गाडीत वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. महाराजांनी त्याला वेळेवर फौज दिली असती तर तो बादशहा झाला असता, असे एका मित्राचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण खोडून काढण्याइतका माझा अभ्यास नाही. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : निवृत्त इतिहास शिक्षक, धंतोली

आपल्या मित्राने प्रश्न चुकीच्या वर्षापाशी नव्हे, तर चुकीच्या महिन्यापाशी नेऊन ठेवला आहे. अकबराचा डाव जून १६८१ मध्ये कोकणात उतरण्यापूर्वीच, त्या वर्षीच्या जानेवारीत अजमेरजवळ संपला होता.

त्याला राठोडांचे बंड मोडण्यासाठी मारवाडात पाठवले होते. तो त्यांनाच मिळाला आणि नाडोल येथे त्याने स्वतःला बादशहा म्हणून जाहीर केले. त्या वेळी औरंगजेब अजमेरला अगदी थोड्या सैन्यानिशी होता. नाडोल ते अजमेर हे अंतर वेगाने कापले असते तर काय घडले असते, हे सांगता येत नाही. पण अकबराने त्यात सुमारे पंधरवडा घालवला आणि तेवढ्यात बापाने दूरदूरच्या फौजा बोलावून घेतल्या. मग औरंगजेबाने अकबराच्या नावे एक पत्र लिहून ते राजपुतांच्या हाती पडेल अशी व्यवस्था केली. ‘राजपुतांना तू छान जाळ्यात आणलेस’ अशा आशयाची शाबासकी त्यात होती. त्याच रात्री अकबराचा मुख्य साथीदार तहव्वुरखान बादशहाच्या छावणीत गेला (तेथे तो मारला गेला), त्यामुळे राजपुतांचा संशय पक्का झाला आणि ते रातोरात निघून गेले. सकाळी शहजाद्याजवळ मूठभर स्वार उरले होते. पुढे दुर्गादास राठोडाने कपट ओळखले व त्याला दक्षिणेत सुखरूप आणले, ही दुर्गादासाची थोरवी. पण कोकणात आला तो दावेदार नव्हता, आश्रित होता.

उत्तर : सीताबर्डीचा एक वाचक

सर, आपले म्हणणे मान्य असले तरी आश्रिताचाही उपयोग करून घेता येतो. महाराज त्याला प्रत्यक्ष भेटले ते नोव्हेंबरमध्ये, म्हणजे पाच महिन्यांनी. हा विलंब का झाला?

उत्तर : निवृत्त इतिहास शिक्षक, धंतोली

आक्षेप योग्य आहे. मात्र महाराजांना राज्याभिषेक होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते, आणि त्याच पावसाळ्यात अण्णाजी दत्तो प्रभृतींचा कट उघडकीस आला, ज्यात या पाहुण्याशीच संधान बांधण्याचा प्रयत्न झाला होता. नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरास पोचला. घरात बादशहा शिरत असताना जंजिरा व सिद्दी मागे सोडून उत्तरेवर चालून जाणे कोणत्या राजाला परवडले असते? १६८३ मध्ये अकबर कंटाळून वेंगुर्ल्याहून जहाजाने निघून जाण्याच्या बेतात होता. कवी कलश व दुर्गादास यांनी त्याला थोपवले. अखेर १६८७ मध्ये तो राजापूरहून समुद्रमार्गे इराणच्या वाटेला लागला आणि बापाच्या आधीच परदेशात वारला.

वारसाहक्काचे युद्ध आपल्या नागपूरकरांना नवे नाही. जानोजी भोसल्यांच्या मागे साबाजी आणि मुधोजी हे सावत्र भाऊ १७७५ मध्ये उमरेडच्या वाटेवरील पाचगावला लढले आणि साबाजी मारले गेले. तेथे निकाल एका दिवसात लागला, कारण दोघेही मैदानात उतरले होते. अकबर ऐन वेळी मैदानापर्यंत पोचलाच नाही.

प्रतिसाद : महालातील वाचक, नागपूर

मनःपूर्वक आभार. मित्राला हा धागा पाठवला आहे. तो अजून गप्प आहे. एक उपप्रश्न : त्याच्या कुटुंबाचे काय झाले?

उत्तर : सीताबर्डीचा एक वाचक

बहीण झेबुन्निसा हिचा त्याच्याशी पत्रव्यवहार उघड झाला, म्हणून बापाने तिला सलीमगडात कैदेत टाकले. मुलगा बुलंद अख्तर आणि मुलगी सफियतुन्निसा ही दोघे मारवाडात राठोडांच्या आश्रयाला राहिली व पुढे आजोबांच्या स्वाधीन झाली. नातीला कुराण शिकवायला हवे असे औरंगजेबाने म्हणताच, दुर्गादासाने शिक्षिका ठेवून ते आधीच शिकवले आहे, असे तिनेच त्याला सांगितले.