गणपतीच्या डान्सला काळे ड्रेस? (सोसायटी ग्रुप)

ए-४०२ काकू: नमस्कार. पोट्ट्यांच्या डान्सला काळा टीशर्ट अन् काळी लेगिंग ठरली म्हणे. नातीकडून आत्ता कळलं. गणपतीसमोर काळं? कोणाला विचारून ठरवलं?

बी-१०३ काका: सुप्रभात 🌹 मागच्या वर्षीच्या मंडपाचा हिशोब अजून आला नाही.

सी-२०१: काकू, रविवारच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं. तुम्ही मधेच उठून गेल्या.

ए-४०२ काकू: माझ्या गाडीमागे कोणीतरी गाडी लावली होती, म्हणून गेले. नाव घेत नाही.

सी-२०१: घ्या ना. दहा मिनिटं तर लावली होती.

सेक्रेटरी: कृपया विषयावर या 🙏

ए-४०२ काकू: विषयच सांगून राहिली. १८८१ पासून आपल्या नागपुरातून काळी मारबत, म्हणजे ती मोठी पुतळी, निघते, इडापीडा घेऊन जायला. काल तिला वाजतगाजत गावाबाहेर काढलं, अन् आता आपलीच लेकरं काळ्यात नाचवायची?

डी-३०१: पिवळी मारबतही निघते काकू, १८८५ पासून. मग हळदीला पिवळं काहून घालता? 😄

ए-४०२ काकू: तुम्हाला सगळ्यात गंमतच दिसते.

सी-४०४ आजी: संक्रांतीला आम्ही काळी चंद्रकळाच नेसतो. विठोबाही काळाच. पण काळं ऊब धरतं, म्हणून ते थंडीत बरं. भादव्यात मंडपात लेकरं उकडून निघतील. सुती घ्या म्हणावं.

बी-३०४ ताई (डान्स): आजी, सुतीच घेऊ. काकू, रागावू नका, एकदा पूर्ण वाचा. मागच्या वर्षी भाड्याचे लाल घागरे आणले होते. एका छोटीला गळ्याची जर इतकी टोचली की अर्धं गाणं ती एका हाताने गळा धरून नाचली. दोन घागरे ढगळ निघाले, कमरेला चार-चार पिना लावल्या. अन् एक पोरगी ऐन वेळी ताप आला म्हणून आलीच नाही. ताप नव्हता. भाड्याचे पैसे नव्हते. तिच्या आईने मला जिन्यात सांगितलं.
काळा टीशर्ट बहुतेक घरात असतोच. सगळे एका रंगात उभे राहिले की कोणाचा महाग, कोणाचा जुना, ते खालून कळत नाही. घामाचे डाग दिसत नाहीत. नजर कपड्यावर अडकत नाही, हातापायावर जाते. न्यूयॉर्कला बॅलन्शिन नावाच्या नृत्यदिग्दर्शकाने १९५१ मध्ये आपल्या बॅलेतले जड पोशाख काढून नर्तकांना सरावाच्या साध्या काळ्या-पांढऱ्या कपड्यात उभं केलं, ते याच्यासाठीच. नाच दिसला पाहिजे.

ए-२०२ दादा (लाइट): ताई, पटलं. पण आपल्या स्टेजचा मागचा पडदा काळा आहे. काळ्यावर काळं गेलं की नुसती तोंडं अन् पंजे तरंगतील. प्रागचे ब्लॅक थिएटरवाले हे मुद्दाम करतात, वस्तू हलवणारा माणूस दिसूच नये म्हणून. जपानच्या बुनराकूत बाहुल्या नाचवणारेही काळ्यात असतात. आपल्याला तर पोट्टे दाखवायचे आहेत.

बी-३०४ ताई: बरोबर. पडदा पांढरा लावू, कमरेला केशरी ओढणी बांधू.

डी-३०१: डबलबेडच्या दोन पांढऱ्या चादरी देतो. इस्त्री तुमची.

बी-१०३ काका: पुन्हा टाकतो. मागच्या वर्षीच्या मंडपाचा हिशोब अजून आला नाही.

ए-४०२ काकू: ताई, त्या पोरीच्या घागऱ्याचे पैसे मी दिले असते. मला कोणी सांगितलंच नाही.

बी-३०४ ताई: तिच्या आईला कोणाचे पैसे नको होते काकू. म्हणून नाही सांगितलं.

सी-४०४ आजी: 🙏

ए-४०२ काकू: नातीचा काळा टीशर्ट आखूड झाला आहे. उद्या सीताबर्डीवर जाते, सुती पाहते. पण आरतीला काळं चालणार नाही. आधीच सांगते.

बी-३०४ ताई: आरती आधी, डान्स नंतर. आरतीला सगळे परकर-झब्ब्यात. कपडे बदलायला फक्त क्लबहाउसची किल्ली लागेल.

सेक्रेटरी: किल्ली बी-१०३ कडे आहे.

बी-१०३ काका: आधी हिशोब.