मदत हवी आहे: रिमोट चावी गाडीला चिकटल्याशिवाय चालत नाही, एफएमलाही खरखर

पाऊलवाट:
सेल बदलला तरी फरक नाही. आधी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून गाडी उघडायची, आता दाराशी जाऊन चार-पाच वेळा बटण दाबावं लागतं. त्यात रेडिओही खरखरतोय. पुण्यात विविध भारती १०१ वर कसंबसं लागतं, बाकी नुसता आवाज. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात नवी चावी घ्या, साडेआठ हजार. शनिवारच्या आत काहीतरी करायचंय. कृपया लवकर सांगा.

तारजोड:
गाडी कोणत्या सालची? दुसरी चावी लावून पाहिलीत का? इंजिन सुरू व्हायला त्रास होतो का? सगळीकडे असंच होतं की फक्त घरच्या पार्किंगमध्ये?

कोकणकडा:
सेल कुठून घेतलात ते आधी सांगा. रस्त्यावर मिळणारे सीआर २०३२ बरेचदा आधीच उतरलेले असतात. माझा नवाकोरा सेल मीटरवर २.७ व्होल्ट दाखवत होता, नवा असेल तर ३ च्या वर हवा. काही दुकानदार २०२५ देतात. व्यास तोच, पण जाडी ३.२ ऐवजी २.५ मिलिमीटर, त्यामुळे आतल्या पत्तीला धड टेकत नाही.

दाणापाणी:
मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबा. टोकाला जांभळट उजेड दिसला तर रिमोट चांगला. उजेड नाही तर रिमोट गेला समजा.

तारजोड:
दाणापाणी, ही परीक्षा टीव्हीच्या रिमोटची, तो अवरक्त किरणांवर चालतो. गाडीचा रेडिओ लहरींवर चालतो, आपल्याकडे बहुतेक ४३३.९२ मेगाहर्ट्झवर. कॅमेऱ्यात काहीच दिसणार नाही आणि ताई चांगली चावी टाकून देतील.

सातासमुद्रा:
इथे अमेरिकेत बऱ्याच गाड्यांचे रिमोट ३१५ मेगाहर्ट्झचे असतात. ऑनलाइन मागवणार असाल तर हे नीट तपासा. मी भावासाठी एक नेला होता. दिसायला हुबेहूब, पण पुण्यात त्याच्या गाडीनं दादच दिली नाही.

पाऊलवाट:
मला नवा रिमोट मागवायचा नाहीये! गाडी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर धागा त्यावरच जाईल. दुसरी चावी नाशिकला होती, काल आली, तिचंही तेच. इंजिन एका सेल्फात सुरू होतं. सेल चांगल्या दुकानातला, २०३२च. त्रास घरी, ऑफिसात, सगळीकडे.

रानमेवा:
घरात लहान मूल आहे का? आमच्या मुलानं चावी खेळणं म्हणून दिवसभर दाबली होती. दर दाबण्याला कोड पुढे सरकतो, गाडी मागे राहते आणि मग ओळखत नाही. चावी पुन्हा जुळवून घ्यावी लागली.

तारजोड:
कोड चुकला तर जवळ जाऊनही उघडत नाही. इथे जवळून उघडतंय, फक्त पल्ला कमी झालाय.

जुनी_पद्मिनी:
ताई, सरळ किल्ली लावून दार उघडा की. माझ्या प्रीमियर पद्मिनीला रिमोट नव्हता, काही अडलं नाही. एरियल हातानं ओढून बाहेर काढायची. सोसायटीतली मुलं वाकवायची म्हणून रात्री आठवणीनं आत ढकलायची. एकदा विसरलो, तर सकाळी नुसतं खोडकं उरलं होतं.

पाऊलवाट:
काका, किल्लीचं भोक फक्त ड्रायव्हरच्या दाराला आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आठवड्यातून दोनदा फिजिओकडे न्यावं लागतं. दार उघडायला गाडीला वळसा घालून जायचं म्हणजे तिला वॉकरसकट भिंतीशी एकटीला उभं करावं लागतं. मंगळवारी ती तशी उभी असताना मागून रिक्षा आली. म्हणून घाई करतेय.

पत्राकाम:
छतावरच्या अँटेनाची दांडी फिरवून काढा आणि खालचे आटे बघा. हिरवट थर असेल तर पाणी शिरलंय. बुडाची रबरी चकती उन्हानं तडकते आणि पावसाळ्यात पाणी थेट आतल्या छोट्या ॲम्प्लिफायरवर उतरतं. मी अशा कितीतरी गाड्या उघडल्यात. अँटेना बदला, दोन्ही त्रास जातील.

तारजोड:
रेडिओसाठी बरोबर, पण रिमोटचं काय? काही गाड्यांत दोघांची अँटेना एकच असते. साध्या हॅचबॅकमध्ये बहुतेक रिमोटचा रिसीव्हर आत डॅशबोर्डमध्ये असतो. छतावर पाणी शिरून तो बहिरा होत नाही.

पत्राकाम:
मी हातानं काम करतो, पुस्तकातलं सांगत नाही.

तारजोड:
मीही वायरिंगचंच काम करतो. दोन वेगळ्या कानांना एकदम ऐकू येईनासं झालं, तर आधी गोंगाट कुठे आहे ते शोधावं. ताई, त्रास सुरू व्हायच्या आधी गाडीत काही नवीन बसवलंत का? एलईडी दिवे, चार्जर, ट्रॅकर?

पाऊलवाट:
नाही, काही नाही. गणपतीच्या आधी डॅशकॅम बसवला, पण तो नुसता कॅमेरा आहे.

पत्राकाम:
गाडी बंद की कॅमेरा बंद. उभ्या गाडीचा रिमोट तो कसा अडवेल?

तारजोड:
तेच विचारायचंय. ताई, गाडी बंद असतानाही कॅमेरा रेकॉर्डिंग करतो का? आणि तार कुठून नेलीय?

पाऊलवाट:
हो. पार्किंगमध्ये कोणीतरी बंपर घासला होता, म्हणून बसवणाऱ्यानं फ्यूजमधून कायम चालू राहील असा जोडला. तार पुढच्या काचेच्या कडेनं, काच आणि दाराच्या मधल्या खांबाच्या पट्टीखालून खाली आलीय.

तारजोड:
छतावरच्या अँटेनाची केबलही बऱ्याच गाड्यांत त्याच खांबातून उतरते. कॅमेऱ्याला १२ चे ५ व्होल्ट करून देणारी डबी असते. ती स्वस्तातली असेल तर रेडिओ लहरींत कचरा सोडते, आणि कॅमेऱ्याची लांब तारच त्या कचऱ्याची अँटेना होते. आता एवढंच करा: रेडिओवर खरखरणारं स्टेशन लावून ठेवा आणि कॅमेऱ्याची पिन काढा. मग डबीचा फ्यूजही काढा, नुसती पिन काढली तरी डबी चालूच असते. नंतर गाडी बंद करून लांबून रिमोट दाबा.

कोकणकडा:
लांबून दाबताना चावी हनुवटीला टेकवून बघा, पल्ला वाढतो. खरंच वाढतो.

तारजोड:
वाढतो, पण आत्ता नको. आधी जशी दाबायच्या तशीच दाबा, नाहीतर तुलना चुकेल.

पाऊलवाट:
आत्ताच करून आले. पिन काढल्यावर खरखर थोडी कमी झाली. फ्यूज काढला आणि ९८.३ एकदम स्वच्छ लागलं. पुन्हा घातला, पुन्हा खरखर. तीनदा केलं. मग फ्यूज काढून वर गॅलरीत गेले आणि पहिल्याच दाबण्याला खाली दिवे लुकलुकले. आईला हाक मारून दाखवलं.

पत्राकाम:
मग डबीच. मान्य. पण दांडीखालची चकती एकदा बघाच, २०१६ची गाडी आहे.

पाऊलवाट:
पाहिली दादा. चकतीला चीर आहे, आटे स्वच्छ आहेत. चकती बदलते. पण कॅमेरा मला हवाय. काय करू?

तारजोड:
डबी चांगल्या प्रतीची, धातूच्या खोक्यातली घ्या. डबीजवळ आणि कॅमेऱ्याजवळ तारेवर फेराइटची कडी (असा कचरा अडवणारी चुंबकीय कडी) लावा, तारेचे दोन-तीन वेढे कडीतून काढले तर जास्त उपयोग होतो. तार दुसऱ्या बाजूच्या खांबातून उतरवून घ्या. पण तिथे एअरबॅग आहे का ते आधी विचारा. तार तिच्या मागून जायला हवी, पुढून कधीही नको. हे स्वतः करू नका. तोवर फ्यूज बाहेरच ठेवा.

पाऊलवाट:
फ्यूज बाहेरच आहे. बसवणाऱ्याला फोन केला, सोमवारी येतोय. शनिवारी आईला घेऊन जाते. तारजोड, पत्राकाम, दोघांचे मनापासून आभार.

जुनी_पद्मिनी:
आईंना लवकर बरं वाटू दे. ऑपरेशन एका गुडघ्याचं की दोन्ही? आमच्या हिलाही डॉक्टरांनी सांगितलंय, ती तयार होत नाहीये.