पीसीबीवाल्या मुलीला बी.फार्म. झेपेल का? गणित दहावीनंतर सुटलंय

सांगोल्याचा डाळिंबवाला:
नमस्कार मंडळी. थोरल्या मुलीची बारावी झाली. पीसीबी ग्रुप, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोला मिळून 58 टक्के. नीटचे मार्क डॉक्टरकीपर्यंत पोचत नाहीत, एमएचटी-सीईटी मात्र बरी गेलीय. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली. ओळखीतला एकजण रोज फोन करतो, "मॅनेजमेंटमधून सीट आत्ताच पक्की करा, पुढं मिळायची नाही." मेव्हणे म्हणतात, चार वर्षं कशाला घालवता, दोन वर्षांचं डी.फार्म. करा आणि मेडिकल टाका. पोरीचं तिसरंच. फार्मसीत गणित आहे असं मैत्रिणीनं सांगितल्यापासून ती गप्प झालीय. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलीय. जाणकारांनी सांगावं.

क्यूएवाली:
दादा, आधी त्या फोनवाल्याला नारळ द्या. 2024-25 पासून राज्यात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण ती सवलत कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या फेऱ्यांमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यात शिरलात की ती गेली. होस्टेल-मेस तुम्हालाच भरायचंय, ते वेगळं. फोनवाला हे सांगणार नाही, त्याचं पोट त्यावर आहे.

पात्रतेची काळजी नको. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि सोबत गणित किंवा बायो, ओपनला 45 टक्के, आरक्षित वर्गाला 40. तुमच्या 58 मध्ये बसतं. मेरिट लागतं ते सीईटीच्या पर्सेंटाइलवर. कागदांत मात्र बापलोक अडकतात. जातीचा दाखला हातात असतो, जात वैधता नसते. नॉन-क्रिमीलेअर काढलेलं असतं, पण मुदत संपलेली. ही दोन आजच बघा. ऑप्शन फॉर्म भरताना पहिल्या नंबरावर तेच कॉलेज टाका जे मिळालं तर खरंच घ्याल, कारण पहिली पसंती लागली की सीट ऑटो फ्रीझ होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही.

आता गणित. मीही पीसीबीचीच. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाचा अभ्यासक्रम देशभर एकच आहे, आठ सेमिस्टर, 208 क्रेडिट. पहिल्या सेमिस्टरला बायोवाल्यांना रेमेडिअल मॅथ्स आणि गणितवाल्यांना रेमेडिअल बायोलॉजी असते, म्हणजे बारावीला नसलेला विषय भरून काढायला. लॉगॅरिथम, मॅट्रिक्स, डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन, शेवटी लाप्लास. परीक्षा कॉलेज पातळीवरची, विद्यापीठाची नाही, त्यामुळे पोरं ढकलतात. तुमच्या लेकीनं ढकलू नये, निदान लॉगॅरिथम तरी. सहाव्या सेमिस्टरला बायोफार्मास्युटिक्स येतं. गोळी घेतल्यावर रक्तातलं औषध किती वेळात निम्मं होतं, दिवसातून दोनदा द्यायचं की तीनदा, हे सगळं लॉगच्या आलेखावरच निघतं. तिथं मग रेमेडिअलची वही शोधत बसतात. म्हणजे गणित आहे, पण सीईटीच्या पीसीएमवाल्यांसारखं कोड्यात टाकणारं नाही.

खरा घाम केमिस्ट्री काढते. पहिल्या सेमिस्टरला इनऑरगॅनिक (क्लोराइड, सल्फेट, आयर्नच्या लिमिट टेस्ट, म्हणजे ही भेसळ मर्यादेत आहे का ते बघायचं), मग सलग तीन सेमिस्टर ऑरगॅनिक, चौथ्यापासून सहाव्यापर्यंत मेडिसिनल, म्हणजे औषधांची केमिस्ट्री. तिला बारावीत ऑरगॅनिक आवडायचं का, एवढं विचारा. बायो आवडते म्हणून फार्मसीला आली तर ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजीत रमेल, पण बाकीचे दिवस ब्युरेटसमोर जातील. पाचव्याला इंडस्ट्रियल फार्मसीच्या लॅबमध्ये पॅरासिटामॉलची गोळी स्वतः दाबून काढायची, मग ती फिरत्या ड्रममध्ये शंभर वेळा आपटायची आणि वजन एक टक्क्याहून जास्त घटलं का ते बघायचं. मला तिथंच हे शिक्षण आवडायला लागलं. सहाव्यानंतर कंपनीत नाहीतर हॉस्पिटलात किमान 150 तासांचं ट्रेनिंग, आठव्याला प्रोजेक्ट. हजेरी 80 टक्के, पेपर 75 चा आणि 25 कॉलेजच्या हातात.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीवर जाऊ नका. कौन्सिलच्या साइटवर त्या वर्षाची मान्यता आणि जागा बघा. मग लॅबमध्ये शिरा. डिसोल्यूशनचं (गोळी किती वेगात विरघळते ते मोजायचं) यंत्र, टॅब्लेट पंचिंग मशीन दाखवा म्हणा. कव्हर घालून ठेवलेलं असेल तर ते कधी काढलं होतं, हे शिपायाला विचारा, प्राचार्यांना नाही.

मिरजेचा मेडिकलवाला:
ताईंनी सगळं सांगितलं, पण मेव्हण्यांचं डी.फार्म. एकदम बाद करायचं कारण नाही. मी डी.फार्म.च आहे. बारावीच्या मार्कांवर प्रवेश, सीईटी नाही, दोन वर्षं आणि मग ट्रेनिंग, आणि स्टेट फार्मसी कौन्सिलला नोंदणी झाली की 1948 च्या कायद्यानं मी आणि बी.फार्म.वाला काउंटरवर सारखेच. शेड्यूल एच-वनचं, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांचं, रजिस्टर मीही लिहितो, तोही लिहितो.

पण दुकान आता पूर्वीचं राहिलं नाही. ऑनलाइनवाले आणि साखळी दुकानं डिस्काउंट देतात, गल्लीतल्या माणसाला तेवढं परवडत नाही. घरची जागा चांगल्या हॉस्पिटलजवळ असेल तर टाका, नाहीतर भाड्यातच जाईल. तेव्हा मला विचाराल तर दुकानासाठी मुलीचं शिक्षण कमी करू नका. डी.फार्म. करून थेट बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पण तिचे सीईटीचे मार्क हातात असताना हा वळसा कशाला? वर एक वर्ष जास्त जातंय.

फार्म.डी.बद्दल कोणी सांगितलं असेल, तर ते सहा वर्षांचं, शेवटचं वर्ष हॉस्पिटलात इंटर्नशिप. नाव डॉक्टरचं असलं तरी आपल्याकडं छोट्या गावात त्या नोकऱ्या दिसत नाहीत. मोठ्या शहरात राहायची तयारी असेल तरच.

क्यूएवाली:
काका, बाद नाही केलं हो! दुकान हेही काम आहेच. एवढंच की आमच्या प्लांटमध्ये क्यूसी-क्यूएला, म्हणजे औषधाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागांत, घेताना पहिली चाळणी बी.फार्म. नाहीतर एम.एस्सी.ची लागते. औषध निरीक्षकाच्या एमपीएससीलाही डिग्री लागते. हे दार उघडं ठेवायचं की नाही, एवढाच प्रश्न.

सांगोल्याचा डाळिंबवाला:
दोघांचे आभार. पोरीला वाचून दाखवलं. ऑरगॅनिक आवडतं म्हणाली, बेंझीनची रिंग वहीभर काढलीय तिनं. वैधता आहे, नॉन-क्रिमीलेअरची मुदत मार्चला संपलेली निघाली, उद्या सेतूत जातो. एक राहिलं. इंग्रजीत सगळं असतं म्हणे, तिला जमेल का?

क्यूएवाली:
पहिले दोन महिने जड जातील. पेपर इंग्रजीतच लिहायचे, पुस्तकंही तशीच. पण वाक्यं ठरावीक असतात. "वजन अचूक घेतलं, पाण्यात विरघळवलं, गाळलं," हेच इंग्रजीत पुन्हापुन्हा. कम्युनिकेशन स्किल्सचा विषयही पहिल्याच सेमिस्टरला आहे. आतापासून तिला सुट्टीत औषधांच्या खोक्यातली घडी घातलेली माहितीपत्रकं वाचायला द्या, डिक्शनरी घेऊन. डोस, साइड इफेक्ट, साठवणूक, सगळे शब्द तिथंच भेटतील. आणि नॉन-क्रिमीलेअरसाठी मागच्या तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले सोबत न्या, नाहीतर सेतूतून परत पाठवतील.