वाइल्डलाइफ व्हेट होऊन माकडतापासारख्या आजारांवर काम करायचंय, एमव्हीएससी (जनावरांच्या डॉक्टरकीतली मास्टर्स) कशात करू?

काजूबाग: बीव्हीएससीचं शेवटचं वर्ष चालू आहे. घरचे म्हणतात कुत्र्यामांजरांचा दवाखाना टाक. पण मी दोडामार्गची, 2016 ला आमच्याकडे माकडताप आला तेव्हा रानात माकडं मरून पडायची आणि मागोमाग काजूत जाणारी माणसं तापाने झोपायची, ते अजून डोक्यातून जात नाही. एमव्हीएससी कशात करू? आणि रोजचं काम काय असतं, वाघाला डार्ट मारणं वगैरे?

रानडॉक्टर: डार्टिंगचे प्रसंग येतात गं, पण या आजारांचं काम मेलेल्या जनावरापासून सुरू होतं. 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, आधी यलो फीव्हरचा संशय होता, मग पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने (आत्ताचं एनआयव्ही) माकडतापाचा हा वेगळाच व्हायरस शोधून काढला. माकड मेलं की अंगावरच्या गोचिड्या खाली उतरतात आणि पातेरा (सुका पाला) गोळा करणाऱ्याला चावतात, म्हणून मेलेलं माकड कळलं की पीपीई घालून जायचं, पोस्टमॉर्टेम, सँपल बर्फात घालून लॅबला, आजूबाजूला औषध मारायचं, पांढरं फ्लॅनेल जमिनीवरून ओढून गोचिड्या गोळा करायच्या आणि मग गावात ताप कुणाला आहे ते आरोग्य खात्याच्या लोकांबरोबर बघायचं. फार मोलाचं काम आहे, नक्की ये यात.

नागपूरकर_व्हेट: वाइल्डलाइफमध्ये एमव्हीएससी करायचं तर बरेलीचं आयव्हीआरआय (केंद्राची पशुवैद्यकीय संशोधन संस्था) बघ. आपल्याकडे माफसूचं (नागपूरचं पशुवैद्यकीय विद्यापीठ) गोरेवाड्याचं वन्यजीव सेंटर आहे, इंटर्नशिपमध्ये तिथे जाऊन ये. व्हेटरनरी पब्लिक हेल्थ किंवा एपिडेमिऑलॉजी (रोग कसा पसरतो त्याचा अभ्यास) पण चालतं. माझं मत विचारशील तर पॅथॉलॉजी घे, कारण जनावर कशाने मेलं हेच नीट सांगता आलं नाही तर पुढचं सगळं अंदाजाने होतं. पक्क्या पोस्ट कमी आहेत, सुरुवातीला प्रोजेक्टवर कॉन्ट्रॅक्टने राहावं लागतं, हे घरच्यांना आधीच सांग.

सत्तरीचो: मी व्हेट नाही, गोव्यात आरोग्य खात्यात फील्डवर असतो. मेलेलं माकड कुठं पडलंय ते पहिलं गुराख्यांना आणि बागायतदारांना कळतं, त्यांनी फोन केला नाही तर तुमची लॅब काय करणार? लोकांशी बोलायची सवय कर, तुला तिथली भाषा येते हे मोठं बळ आहे.

काजूबाग: मनापासून आभार सगळ्यांचे. पॅथॉलॉजीचा विचारच केला नव्हता, सरांशी बोलते.

रानडॉक्टर: बोल. आणि रेबीजची प्री-एक्स्पोजर लस झाली नसेल तर पोस्टमॉर्टेमला हात लावायच्या आधी ती घे, टायटर (रक्तात पुरेशा अँटीबॉडी झाल्या का) पण तपासून घे.