‘टिंबर’ला मराठीत काय म्हणावं?

रविवारी सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी दहाबाराजण आधुनिक पाश्चात्त्य संगीत ऐकायला जमतोय. त्यासाठी मराठीत टिपण लिहितेय. ‘टिंबर’ला (timbre, स्वर तोच असूनही वाद्यावाद्याचा आवाज वेगळा वाटतो तो गुण) पोत लिहिलं, ‘टेक्श्चर’लाही (texture, अनेक आवाजांची एकत्र वीण) पोतच. मग दोन्ही एकाच वाक्यात आले आणि अडले. ‘नादरंग’ कसा वाटतो?

प्रतिसाद

‘नादरंग’ नको. जर्मन ‘क्लांगफार्ब’चा अर्थ नादाचा रंग असाच आहे, हे खरं. नुसता हा गुण बदलत नेऊनही चाल बांधता येईल, असं संगीतकार शोनबर्गने १९११ मध्ये मांडलं, तेही याच शब्दाला धरून. पण आपल्या गाण्यातला रंग वेगळा. मैफल रंगते, ख्यालात रंग भरतो. वाचणारा तिकडेच जाणार.

तंबोरा जुळवताना बघा. तार षड्जाला लागलेली असते. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की स्वर तोच, उंची तीच, पण आवाज एकदम उमलतो, उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे बारीक स्वर) बोलायला लागतात. ‘जवारी लागली’ म्हणतो आपण. त्या क्षणी जे बदललं ते टिंबर! संगीतशास्त्राच्या पुस्तकांत याला ‘नादाची जात’ म्हणतात: डोळे मिटूनही सनई की बासरी हे जिच्यामुळे कळतं ती. मला हा शब्द फार आवडतो. पण रागाची जात, तालाची जात आधीपासून आहेत, घोटाळा होईल. म्हणून ‘नादगुण’ घ्या.

पोत टेक्श्चरसाठी राखून ठेवा. पोत विणीचा, त्याला अनेक धागे लागतात. लिगेटीच्या ‘आत्मोस्फेर’ या वाद्यवृंदाच्या रचनेत (१९६१) वाद्यं इतकी दाट गुंतलीत की एकेकाची चाल वेगळी काढता येत नाही, तो पोत. लाखेनमानच्या ‘प्रेसिओं’मध्ये (१९६९) एकटा चेलो, गज दाबून, घासून काढलेली खरखर, तो नादगुण. ‘आवाजाचा पोत’ आपण सर्रास म्हणतो, बोलण्यात ते छानच आहे. दोन्ही शेजारी आले की मात्र वेगळे ठेवावेच लागतात.

प्रतिसाद

सुटलं! ग्रिझेच्या ‘पार्सिएल’बद्दलचं (१९७५) अडलेलं वाक्य आता असं झालंय: ‘ट्रॉम्बोनच्या खर्जातल्या एका स्वराचा नादगुण उलगडून त्याचे उपस्वर वाद्यावाद्यांत वाटले आहेत, त्यातून विणत जाणारा पोत ऐका.’ आणि सुरुवातीला पाच मिनिटं तंबोरा छेडणार आहे, दोऱ्याशिवाय आणि दोरा घालून.